माप मालकाचं, बेड सुमनबाईंचा

"आक्का, पाय टेकत न्हाई ओ माझा," नव्या बेडच्या कडेवर बसून सुमनबाई म्हणाल्या. गाडी पूर्ण झालेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकला निघायची होती.

सांगते. जिंतूरला माझं ट्रकच्या सीटा आणि हूड शिवायचं वर्कशॉप आहे. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं हातानं शिकवलं. सोनपेठचे एक रिटायर गुरुजी जुनी पिकअप घेऊन आले. मागं कॅम्पर करायचा, म्हणजे गाडीवर बसवलेली खोली. त्यातही पॉप-अप. चालताना छत खाली, थांबलं की वर उचलायचं, मधल्या भिंती ताडपत्रीच्या. नाशिकला त्यांच्या मुलीच्या सोसायटीची कमान बुटकी, म्हणून हा खटाटोप.

सुमनबाई गुरुजींच्या मंडळी. लकव्यानं डावं अंग गेलेलं. मुलगी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट न्हाई, आणि तिला सातवा महिना. आईला वर नेता येत न्हाई, तर आईची खोलीच बिल्डिंगखाली उभी करायची. बाळंतपणात आई जवळ असावी, एवढंच.

मी फरशीवर खडूनं खऱ्या मापाचा लेआउट काढला. इथं बेड, इथं सिंक, मधल्या बोळीत कमोडची चाकाची खुर्ची. पाण्याची टाकी बेडखाली.

"वहिनी कुठायत?" मी विचारलं.

"तिला कशाला त्रास, ताई? मी बसतो ना तिच्या जागी."

बेडच्या उंचीएवढी प्लायची थप्पी लावली. गुरुजी बसले. पाय छान टेकले. "फर्स्ट क्लास!" म्हणाले. मीही मान डोलावली. आमच्या धंद्यात रीतच तशी. सीटला माप मालकाचं, मग गाडी कुणीही चालवो. गुरुजी ताडमाड उंच. सुमनबाई माझ्या खांद्याला लागतात, हे मला गाडी पूर्ण झाल्यावर त्या बेडवर बसायला आल्या तेव्हा कळलं.

एका पायावर जोर देऊन उठणारी बाई. तोच पाय अधांतरी. उठणार कशी?

"खाली पायरी ठोकू," गुरुजी म्हणाले.

"मग कमोडची खुर्ची फिरायची न्हाई, गुरुजी."

वेल्डर सलीमभाईंनी बेडखाली डोकं घातलं. "आपा, टाकी चेसिसला पक्की हाय. बेड उतरवायचा तर टाकी काढा. टाकी सिंकखाली गेली तर सिंक सरकवा. समदं उघडा."

गुरुजी बायकोवर खेकसले, "आधी बोलायचं न्हाई का?"

"आधी इचारलं कुणी?" त्या म्हणाल्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

एकोणीस दिवस लागले. बाराव्या दिवशी फोन आला. मुलगी आठव्यातच बाळंत झाली, मुलगा, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलाय. गुरुजी एकटेच बसनं गेले. आम्ही दोन-दोन पाळ्या केल्या. गाडी खोललेली, सिंक बाहेर पडलेलं. सुमनबाईंना सीटवर अर्ध्या तासाच्या वर बसवत न्हाई, त्या घरीच राहिल्या.

गाडी तयार झाली त्याच्या आदल्या दिवशी बाळ गेलं.

तरी त्या गेल्या. लेकीजवळ महिनाभर बिल्डिंगखाली राहिल्या. परत आल्यावर ताडपत्रीची एक शिवण उसवली होती, म्हणून गाडी माझ्याकडं आली, सुमनबाई आतच. मी माफी मागायला आत गेले. सुमनबाई आपल्या आपण बेडवरून उठून दाखवत म्हणाल्या, "बेड मातुर आता बरोबर झालाय, आक्का."

बाईमाणूस असून मी बाईला विचारलं न्हाई. आता जो त्या जागेवर बसणार, तो समोर आल्याबिगर मी टेप काढत न्हाई. गिऱ्हाईक चिडतं. चिडू द्यावं.