पोटमामांचा श्वास

प्रशिक्षण केंद्रातल्या शिपायाला सगळे पोटमामा म्हणत, आणि मामांना त्याचा राग सोडाच, अभिमानच होता. नर्सना सोनोग्राफी शिकवायची तर कुणाचं तरी पोट लागतंच. बारा वर्षांपूर्वी ठरलेला माणूस आला नाही, म्हणून मामांनी हातातला ट्रे खाली ठेवला, सदरा वर केला आणि टेबलावर आडवे झाले. तेव्हापासून ते काम त्यांच्याच गळ्यात पडलं. "आयुष्यभर नुसतं वाढवलंत, आता कुणाच्या तरी कामी आलं," असं मामी म्हणायच्या.

मामा मोठे हळवे. परीक्षेत एखादी चुकायला लागली की यांचाच जीव खालीवर व्हायचा. टेबलावर पडल्या पडल्या त्यांना एक गोष्ट कळली होती. प्रोब, म्हणजे यंत्राचा पोटावर फिरवायचा दांडा, उजव्या बरगडीपाशी आला की किडनी बरगडीच्या सावलीत दडून बसते. पोटवाल्याने मोठा श्वास घेऊन धरला की ती खाली सरकते आणि दिसते. पेशंटला तसं सांगायचं, हे शिकवणाऱ्या डॉक्टरबाई घसा फोडून सांगत. पण परीक्षेत घाबरलेल्या मुली नेमकं तेच विसरत. मग मामा गुपचूप छाती भरून घेत. किडनी पडद्यावर हजर, मुलगी पास, मामा खूश. यात कोणाच्या बापाचं काय जात होतं?

काय जात होतं, ते यंदा कळलं. डॉक्टरबाईंनी नवीनच टूम काढली. शिकून गेलेल्यांना सहा महिन्यांनी परत बोलवायचं, तीच परीक्षा घ्यायची आणि हातात किती उरलंय ते बघायचं. जी नापास होईल तिच्या दवाखान्यातलं यंत्र, ती पुन्हा पास होईपर्यंत कुलपात.

पहिल्याच दिवशी थोरल्या सिस्टर आल्या. त्यांच्या तुकडीत वयाने सगळ्यांत मोठ्या, म्हणून थोरल्या. दूरच्या घाटाखालच्या दवाखान्यात त्या एकट्या असत. नंबर लागेपर्यंत बाकावर बसून त्यांनी मामांपाशी मन मोकळं केलं. घाटात गाडी उलटली की माणूस आधी त्यांच्याकडे येई. आत रक्त साचलंय का, हे यकृत आणि किडनी यांच्यामधल्या फटीत बघायचं, आणि साचलं असेल तर क्षणभरही न थांबता मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. पण ती फट त्यांना सहा महिन्यांत एकदाही धड सापडली नव्हती. गेल्या महिन्यात एका ट्रकवाल्याला त्यांनी नुसत्या अंदाजावर पुढे पाठवलं. तो वाचला, नशीब त्याचं.

"मामा, तुमच्या पोटात लख्ख दिसतं ते दुसऱ्या कुणाच्याच पोटात दिसत नाही बघा," त्या म्हणाल्या. "यंत्रच बिघडलं असणार."

मामांना खरं काय ते कळलं. यंत्राला काय धाड भरली होती? सिस्टर शिकल्याच नव्हत्या. पास झाले होते ते मामा.

परीक्षा सुरू झाली. प्रोब बरगडीपाशी आला, इकडे सरकला, तिकडे सरकला, दाब वाढला. मामा साधाच श्वास घेत राहिले. एक मोठा श्वास घेतला की सुटलं, हे त्यांना ठाऊक होतं. पण घाटात पुढची गाडी उलटेल तेव्हा त्या माणसाच्या पोटात मामा थोडेच असणार होते? त्यांनी डोळे मिटून घेतले. परीक्षेची दहा मिनिटं संपली आणि सिस्टर नापास झाल्या. त्यांनी मामांच्या पोटावरचं जेल स्वतः पुसून दिलं, अगदी हळुवार, आणि मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी डॉक्टरबाईंना सगळं सांगून टाकलं, सिस्टरांच्या देखतच. "म्हणजे बारा वर्षं मी तुमचीच परीक्षा घेत होते तर," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग मामांना ताकीद मिळाली: सांगितल्याशिवाय काहीही करायचं नाही.

सिस्टरांच्या यंत्राला कुलूप लागलं. पण सिस्टर जिद्दीच्या. रोज जेवणं झाली की नवऱ्याला आडवं पाडायच्या, बरगडीखाली प्रोब समजून साबणाची वडी धरायच्या आणि घोकायच्या. नवरा बऱ्याचदा त्यातच झोपून जाई.

तीन महिन्यांनी त्या परत आल्या. प्रोब टेकवला आणि म्हणाल्या, "मामा, मोठा श्वास घ्या आणि धरा."

बारा वर्षांत परीक्षेत मामांनी पहिल्यांदाच सांगितल्यावरून श्वास घेतला. किडनी निमूट खाली आली. यकृताच्या कडेची ती बारीक फट पडद्यावर उमटली आणि सिस्टरांना आनंद आवरेना. त्या बोट लावून डॉक्टरबाईंना दाखवू लागल्या, रक्त साचलं तर इथे काळं दिसेल, असं दिसेल, तसं दिसेल. इकडे मामांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. डोळे बाहेर यायला लागले तेव्हा कुठे सिस्टरांचं लक्ष गेलं.

"अगंबाई, सोडा, सोडा."

मामांनी श्वास सोडला. धाप लागली होती, तरी बोललेच, "तेवढं 'सोडा' म्हणायलाही विसरू नका सिस्टर. पेशंट बिचारा आपण होऊन काही करत नसतो."