तुळसाकाकीचा खड्डा

१४ ऑक्टोबर, शनिवार. दिवाळीआधी समोरच्या खोलीत टाईल्स बसवायच्या आहेत, म्हणून आज खोली रिकामी करते आहे. उद्या सकाळी मिस्त्री मुरूम घेऊन येईल आणि खोलीच्या मधोमध असलेला खड्डा बुजवेल, असं आमच्या ह्यांनी ठरवलं आहे. मला विचारलेलं नाही. खड्ड्यावरच्या फळ्या मी उचलल्या, आत उतरून झाडू मारला आणि तुळसाकाकी आठवली.

भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढल्या वर्षी मी लग्न होऊन पवनीच्या या घरात आले. घर दोन खोल्यांचं, त्यात माणसं पाच: सासूबाई, हे, माझी नणंद माया, मी आणि चुलतसासू तुळसाकाकी. माप ओलांडून मी आत आले, तेव्हा बाकीच्या बाया माझे दागिने बघत होत्या. काकीने माझी उंची बघितली.

"उंच हाय. वरच्या कोनाड्याले हात पुरते हिचा. बरं झालं."

सासरी माझं पहिलं कौतुक झालं ते असं.

काका हातमागावर विणायचे. खड्डामागाचा विणकर जमिनीवर काठाशी बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडतो आणि तिथल्या लाकडी पावड्या पायाने दाबत विणतो. काका गेले, माग विकला गेला, खड्डा आणि त्यातली एक पावडी राहिली. काकीचे गुडघे वाकत नव्हते, मांडी घालता येत नव्हती. त्यामुळे ती खड्ड्यात पाय सोडून बसायची, वर आडवी फळी टाकायची आणि तिच्यावर ताट ठेवून सगळ्यांबरोबर जेवायची. जेवण झालं की फळी भिंतीला, आणि फळीला जुन्या कोसा रेशमाच्या किनारींचा पडदा. बघणाऱ्याला वाटावं, मागे देव्हारा आहे.

"घरात जागा हाय वो," ती म्हणायची. "नुसती झोपून राहिली. उठवा तिले."

तिने बरीच जागा उठवली होती. स्वयंपाकघराच्या दाराला मागून बिजागरीची पाटी ठोकली होती. दार लावून पाटी आडवी केली की पोळ्या लाटायचा ओटा तयार. अडचण एवढीच, की पोळ्या होईपर्यंत आत असलेला माणूस आत आणि बाहेरचा बाहेर. ह्यांना एकदा त्यामुळे कामावर जायला उशीर झाला. काकी म्हणाली, "पोळी खाऊन जा ना बापा, थांबलाच हायेस तर."

पण तिची खरी करामत आढ्याला होती. पाच जणांच्या गाद्या-गोधड्या ठेवायला जागा नव्हती. तिने एक लांबरुंद फळी दोरांनी आढ्याला टांगली. दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन म्हणून जुन्या जात्याची तळी बांधली आणि दोराची अडकवण खड्ड्यातल्या पावडीला जोडली. पावडी दाबली की दोर सुटायचा आणि फळी अंथरुणांसकट सावकाश खाली यायची. सकाळी एका हाताने ओढली की वर जायची.

मायाला बघायला आसगावचे पाहुणे येणार असं ठरलं, तेव्हा सासूबाईंनी खड्ड्यावर बोट ठेवलं.

"तुळसा, पाहुण्याचा पाय गेला आत तर पोरगी घरातच राहीन. रविवारच्या आत बुजवून टाकू."

"बुजवा ना बाई. मंग मी जेवू कुठं?"

"पडवीत स्टूल देऊ तुले."

काकीने मान डोलावली. मी चिडून तिला म्हटलं, तुम्ही वाद का घालत नाही? ती म्हणाली, "वाद कायले पोरी? ज्याले पटत नाही, त्याले बसवाव." मग सासूबाईंकडे जाऊन तिने एवढंच मागितलं, "मुरूम सोमवारी टाका. रविवारी पाहुणे मले बसवू द्या."

रविवारी सकाळी सासूबाईंनी घर मोकळं दिसावं म्हणून दिसेल ते त्या फळीवर चढवलं. गाद्या, मोडका पंखा, माझी सुटकेस, ह्यांचे ओले बनियन. फळी वर गेली आणि घर खरंच ऐसपैस दिसू लागलं.

पाहुणे आले. मुलगा घरातल्या एकुलत्या खुर्चीवर बसला. त्याच्या वडिलांनी गुडघ्याला हात लावून इकडेतिकडे बघितलं. "मांडी नाही घालता येत बाई. धानाच्या बांधीत गेले गुडघे."

"मंग मांडी कायले घालता भाऊ? या, पाय सोडा खाली," काकी म्हणाली.

ते काठावर बसले आणि पाय खड्ड्यात सोडले. समोर फळी आली, फळीवर पोहे आले. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की सासूबाईंनीही काकीकडे बघितलं. तेवढ्यात माया चहा घेऊन आली आणि मुलासमोर मान खाली घालून उभी राहिली. भाऊंनी आरामात पाय लांब केले. पायाखाली पावडीची पट्टी लागली. पाय टेकवायलाच दिली असेल असं समजून त्यांनी तिच्यावर नीट भार दिला.

वर करकर वाजलं. सगळ्यांनी माना वर केल्या. गाद्या, पंखा, सुटकेस आणि बनियन सावकाश खाली आले आणि मुलाच्या व मुलीच्या बरोबर मध्ये येऊन थांबले.

सासूबाईंनी डोळे मिटले. मुलाची आई म्हणाली, "हे काय होय वो?"

"आमची वरची खोली," काकी म्हणाली. "भाऊंनी बोलावली म्हणून खाली आली."

पहिली माया हसली. बनियनच्या वरून मुलाने तिला तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. मी फळी ओढून वर केली. भाऊंनी पुन्हा पावडी दाबली, या वेळी मुद्दाम. मी पुन्हा ओढली. तिसऱ्या वेळी त्यांची बायको म्हणाली, "पुरे करा जी आता. पोरगी पाहाले आलो आपण."

निघताना त्या बाईने काकीला बाजूला घेतलं. "आमच्या घरी अंथरुणाचा लय पसारा हाय. असं एक बसवून देसान का?"

"देतो ना," काकी म्हणाली. "पोरगी न्याल, तर तिच्या संगं येतो."

लग्न ठरलं. सोमवारी मुरूम आला, तो सासूबाईंनी अंगणातल्या चिखलावर टाकून घेतला. खड्ड्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. उलट त्यांचे स्वतःचे गुडघे धरले, तेव्हा समोरच्या काठावर बसून त्या काकीबरोबर जेवू लागल्या.

काकी जाऊन आता काही वर्षं झाली. तिचं सगळं सामान एका कोनाड्यात मावलं होतं, आणि तो कोनाडाही पूर्ण भरला नव्हता. माझे गुडघे गेल्या उन्हाळ्यापासून कुरकुरतात. खाली बसायचं म्हटलं, की आधी कशाला धरायचं ते शोधावं लागतं.

१५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी मुरमाची गाडी दारात आली. मी वाद घातला नाही. ह्यांना खड्ड्याच्या एका काठावर बसवलं, मिस्त्रीला दुसऱ्या काठावर, मध्ये फळी टाकली आणि दोघांना चहा दिला. दुसरा कप दोघांनीही मागून घेतला. मग मिस्त्रीने पाय हलवत विचारलं, "ताई, मुरूम कुठं टाकू?"

हे निवांत चहा पीत राहिले. त्यांचा पाय पावडीवर होता. मी अंगण दाखवलं.