दत्ताराम तांडेलाचा डावा कान

दत्ताराम तांडेलाला एक खोड होती. जे हलेल, गळेल, सुटेल त्याला राळ लावायची. उभा जन्म मिरकरवाड्याच्या बंदरात गेला, आधी बापाच्या होडीवर खलाशी म्हणून, मग मोठी बोट हाकणारा तांडेल म्हणून. फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासायचा, वरून तेलात शिजवलेली राळ चोपडायची, आणि पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे बापाने शिकवलेलं शास्त्र. बोट सुटली, वय झालं, पण शास्त्र काही सुटलं नाही. ते त्याने घरात आणलं. चपलेचा अंगठा राळेत, रिमोटचं झाकण राळेत. एकदा त्याने कढईचा निघालेला कान राळेने बसवला आणि तो पहिल्याच कालवणाला मऊ पडून बकुळाच्या हातात आला. बकुळा म्हणजे त्याची बायको. पाटीभर मासळी घेऊन पालीच्या बाजाराला जाणारी बाई, ती काय गप्प बसते?

"एक दिवस मला पण राळ लावून चिकटवाल कुठंतरी," ती म्हणाली.

"तू एका जागी बसतंस कधी, चिकटवायला?" दत्ताराम म्हणाला.

असा हा संसार. आता त्या कानाची गोष्ट.

तांडेलाचा उजवा कान इंजिनाने खाल्ला होता. इतकी वर्षं त्या धडधडीच्या उशाला बसल्यावर दुसरं काय होणार? आधी फोनवरचं बोलणं पुसट झालं, मग माणसांचं, मग त्या बाजूला सगळाच काळोख. कोल्हापूरला दाखवून आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, नस सुकली, आता डावा तेवढा सांभाळा. डावाही तसा अर्धामुर्धाच होता. समोरच्याने आवाज चढवला तर कळायचं, फोन कानाला लावला तर नुसती खरखर.

म्हणून मुलीने, संध्याने, त्याला कानात घालायचे इअरफोन आणून दिले होते. संध्या बहारीनला असते, जावई तिथल्या गोदीत वेल्डर आहे. त्या इअरफोनच्या बोंडावर मऊ रबराची टोपी होती. ती कानात घट्ट बसली की बंदरावरचा गलका बाहेर राहायचा आणि पोरीचा आवाज थेट आत उतरायचा. "बाबा, जेवलात? काय होतं कालवणाला?" रोज संध्याकाळी एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी म्हातारा दुपारपासून फोन चार्जिंगला लावून बसायचा.

पण ती रबराची टोपी सारखी निसटायची. शेजारी केरूच्या घरी सत्यनारायण होता, तिथे दत्तारामने इअरफोन ओढला तर बोंड हातात आलं आणि टोपी राहिली कानात. भर माणसांत बकुळाने केसांतल्या आकड्याने ती उकरून काढली. केरू म्हणाला, तांडेलाच्या कानात खेकडा शिरला. सगळे हसले. दत्तारामही हसला, पण ते त्याला लागलं. नारळी पौर्णिमा जवळ आली होती, बंदरात बोटींची डागडुजी चालू होती. तो चिमूटभर राळ घेऊन आला, घरी कुणी नाही असं बघून त्याने टोपीच्या आतून ती फिरवली आणि टोपी जागेवर दाबली. रबर बसलं ते बसलंच. वादळात सुद्धा निघणार नाही असं काम. स्वतःवरच खूश झाला गडी.

पुढे गणपती झाले, आश्विनाचं ऊन तापायला लागलं, आणि संध्याचा आवाज लांब जाऊ लागला.

आधी त्याला वाटलं, रेंज नसेल. मग वाटलं, पोरगीच हळू बोलते. त्याने आवाज पार वर नेला, तरी ती कुठल्या तरी विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी वाटायची. एका संध्याकाळी तर नुसती कुजबुज उरली. उजव्याची सुरुवात अशीच झाली होती. आधी फोन, मग माणसं, मग काळोख.

त्याने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाचा इअरफोन लावून बघावा हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही, पण बघून खात्री झाली तर काय करायचं? त्यापेक्षा न बघितलेलं बरं. संध्याचा फोन आला की तो फोन बकुळाच्या हातात देऊन पडवीत जायचा. "झोपलेत म्हणून सांग," म्हणायचा. भीतीने माणूस कसा होतो बघा, समोरच्याचं बोलणंही त्याला कमी यायला लागलं. केरू हाक मारून थकायचा आणि हा समुद्राकडे बघत बसायचा.

तिकडे संध्याने भलताच अर्थ काढला. या वर्षी गणपतीला तिला येता आलं नव्हतं, जावयाला रजा मिळाली नव्हती. बाबा त्याच रागात आहेत, असं तिने मनाशी धरलं आणि एक दिवस आईपाशी फोनवर रडली.

त्या दिवशी बकुळा पालीहून आली ती रिकामी पाटी आपटूनच.

"पोरीने काय घोडं मारलंय तुमचं?" तिने विचारलं. "रडते ती तिकडे. तिला एक शब्द बोलायला तुमची जीभ झिजते काय?"

दत्ताराम पडवीकडे जायला उठला. तिने पुन्हा विचारलं. तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "माझा डावा कान गेला गो, बकुळे. पोरीचा आवाज येत नाय मला."

बकुळाने पाटी बाजूला सारली. इतक्या वर्षांत तिने त्याला समुद्राला घाबरताना बघितलं नव्हतं, आणि आता तो एका फोनला घाबरत होता. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण बाजारात बसणारी बाई, तिचं डोकं थांबत नाही.

"मग मी आता बोलले ते कसं ऐकलंत?"

"तुझं काय, तुझं मेलेला माणूस पण ऐकेल."

"ते बोंड आणा बघू इकडे."

त्याने खिशातून इअरफोन काढून दिले. बकुळाने डाव्या बोंडाची टोपी बघितली. मळून काळी झालेली, एका बाजूला फाटलेली. संध्याने बदलायला दिलेल्या नव्या टोप्या पुडीत तशाच पडून होत्या.

"आधी हे रबर बदलू," ती म्हणाली.

"ते निघायचं नाय."

"का नाय निघायचं?" तिने नखाने ओढलं. टोपी हलेना. वाकून बघितलं, तर कडेला पिवळसर काहीतरी चकाकत होतं. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवरा आढ्याकडे बघत होता. "राळ लावलंत? कानातल्या यंत्राला राळ?"

"सारखी निसटत होती ती."

यावर बकुळा काय काय बोलली ते सांगत नाही, तुम्ही समजून घ्या. तो पकड घेऊन आला, तर तिने ती काढून घेतली. ओढाओढीत बोंडाची मानच तुटायची. तिला आपली कढई आठवली. तिने पाणी गरम केलं, फडकं बुडवून घट्ट पिळलं, टोपीभोवती गुंडाळलं आणि मुठीत धरून बसली. थोड्या वेळाने ओढायच्या ऐवजी ती टोपी फिरवायला लागली, बाटलीचं बूच फिरवतात तशी, इकडे थोडी, तिकडे थोडी. राळ मऊ पडली. टोपी निघाली आणि तिच्या मागोमाग राळेची पिवळी तार लांबत आली.

बकुळाने बोंड दारातल्या उजेडात धरलं. आवाज जिथून बाहेर येतो तिथे बारीक जाळी असते. जाळी कुठे दिसतच नव्हती. तिच्यावर राळेचा खडा बसला होता. बोंड खिशात उन्हाने तापायचं, तशी राळ पातळ होऊन रोज थोडी थोडी आत उतरली होती.

"अहो तांडेल," ती म्हणाली, "कान तुमचा नाय गेला. ह्याचा गेलाय."

दत्तारामने बोंड हातात घेतलं. बघत राहिला. आनंद व्हायला हवा होता, पण त्याला आता जास्तच भीती वाटायला लागली. आशा लागली ना. जाळी साफ करूनही आवाज आला नाही तर? राळ गार होऊन कडक झाली, तसा तो सुईच्या टोकाने एकेक खपली उडवू लागला, जाळीला धक्का न लावता. बकुळा शेजारी बसली होती. ती चक्क गप्प होती.

जाळी मोकळी झाल्यावर त्याने नवी टोपी घेतली आणि नेहमीसारखी वरच्या वर टेकवली. बकुळाने ती परत काढली. टोपीची कड तिने पोलक्याच्या बाहीसारखी उलटी केली, आतली नळी बोंडाच्या मानेवरच्या कंगोऱ्यापलीकडे जाईपर्यंत दाबली आणि कड पुन्हा खाली ओढली. ओढून बघितलं. हलली नाही. "कंगोऱ्याच्या अलीकडेच ठेवत होतात इतके दिवस. निसटेल नाय तर काय होईल? एवढ्या बोटी हाकल्यात, आणि एक टोपी बसवता आली नाय."

तिने फोन लावून त्याच्या हातात दिला. त्याने बोंड डाव्या कानात घातलं. आणि तिकडची रिंग वाजली. स्वच्छ, जवळ, अगदी कानात. त्याने बकुळाचं मनगट पकडलं.

"आई, बोल," संध्या म्हणाली.

"आई नाय. मी बोलतोय."

मग संध्या हळूच म्हणाली, इतक्या हळू की एरवी दोन्ही कान शाबूत असलेल्यालाही कळलं नसतं, "बाबा, रागावलात ना माझ्यावर? गणपतीला आले नाय म्हणून?"

"कोण रागावलंय? मला तुझं ऐकूच येत नव्हतं. कान गेला असं वाटलं. तुला सांगायला धीर झाला नाय, बाय."

"मग आता?"

"येतंय. सगळं येतंय."

तिकडून काहीतरी बारीक आवाज येत होता. दत्तारामने बोंड बोटाने आणखी दाबून धरलं.

"सर्दी झाली काय गो तुला?" त्याने विचारलं.

"नाय, बाबा."

"मग नाक कोण ओढतंय? मला ऐकू येतंय हां."