खाली लिहिणाऱ्या टपालबाई

टपालबाईंना कशाची किळस असेल तर ती वर लिहिलेल्या उत्तराची. ईमेल उघडला की वरती नुसतं 'ओके', आणि खाली आधीच्या आठ पत्रांचं लटांबर. बाई खुर्ची मागे सरकवायच्या. "उष्ट्या ताटात वाढून पाठवलंय," म्हणायच्या.

सातिवलीच्या आमच्या रबरी वॉशरच्या कारखान्यात त्या वीस वर्षं आवक-जावक बघत होत्या. कॉम्प्युटर आले, टपाल आटलं, नाव मात्र राहिलं. अर्नाळ्याजवळच्या बागायतदार घरातल्या; केसांत वाडीतलं सोनचाफ्याचं फूल आणि तोंडात स्पष्ट शब्द. उत्तर देताना समोरच्याचा एक प्रश्न ठेवायच्या, त्याखाली उत्तर, मग पुढचा प्रश्न. बाकीचं खोडायच्या. मी नवीन लागलो तेव्हा मलाही त्यांनीच हे शिकवलं. "आधी विचारलंय, नंतर सांगतोयस. मग उत्तर वर कसं चढतं? आणि पत्र शेवटपर्यंत वाचायचं."

त्यांच्या इनबॉक्समध्ये सगळ्यात जुना ईमेल सगळ्यात वर असायचा. आम्हा बाकीच्यांचा ताजा वर. आम्ही हसायचो. "दवाखान्यात शेवटी आलेल्याला आधी आत घेतात का?" एवढं विचारून त्या कामाला लागायच्या.

आमचे साहेब वरच्या दोन ओळींच्या पुढे कधी गेले नाहीत. एकदा एका डेअरीने वॉशर मागवताना पाच प्रश्न विचारले. साहेबांनी तो ईमेल बाईंकडे ढकलला. चौथा प्रश्न होता, हे रबर दुधाला चालेल ना? बाईंनी त्याखाली लिहिलं, "नाही. माल काढू नये." ते उत्तर साहेबांना गेलं, मला प्रत आली. मी वाचलं. साहेबांनीही वाचलं असेल, असं धरून गप्प बसलो.

साहेबांनी वरचं 'नमस्कार' पाहून माल काढला. डेअरीत दुधाला रबराचा वास लागला, अख्खा टँकर ओतून द्यावा लागला. साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"एवढ्या खाली लिहिलेलं कोण वाचतं, बाई?" मग माझ्याकडे वळले. "तुला प्रत होती ना? तू वाचलंस?"

माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती.

"नाही साहेब. खाली काही असेल असं वाटलं नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. महिनाअखेरीला त्या नोकरी सोडून गेल्या. निरोपाला साहेबांनी त्यांच्या कामाची तोंडभरून स्तुती केली, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि समोसे खाल्ले. त्या दिवसाची मला आजही शिसारी येते.

पाच-सहा वर्षांनी तुळिंजच्या बाजारात त्या भेटल्या. मी रस्त्यातच म्हणालो, "बाई, तो ईमेल मी वाचला होता."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तू उघडल्याची पोच आली होती मला. आणि तू शेवटपर्यंत वाचतोस, हेही ठाऊक होतं."

"मग साहेबांना पोच दाखवली का नाही?"

"तुझी नोकरी गेली असती."

त्यांनी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"साहेब कसे आहेत ते मला वीस वर्षं माहीत होतं," त्या म्हणाल्या. "त्यांच्यामुळे मी नोकरी सोडली नसती."