देवरावांची नवी नस

कुहीच्या देवरावांना दिवसाला दोन कट्टे बिडी लागायची. डाव्या पायात रक्त पोचेनासं झालं, चार पावलं चालताच पोटरी भरून यायला लागली, तरी त्यात काडीचीही काटछाट झाली नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, बिडी सोडा, पाय राहील, नाहीतर जाईल. देवरावांनी उलट डॉक्टरांनाच धीर दिला. त्यांची पुतणी वैभवी नागपुरातच पीएचडी करत होती, प्रयोगशाळेत पेशी वाढवून नवी रक्तवाहिनी बनवत होती. घरचीच नस तयार होत असताना जुनीचे एवढे लाड कशाला करायचे?

पानठेल्यावर बसून त्यांनी नसांचं वाटपही सुरू केलं. शेजारच्या रुपरावांच्या मांडीला वीतभर, सरपंचांच्या सासऱ्याला हृदयापुरती एक. वैभवी गावी आली की लोक उठून खुर्ची देत. शाळेनं तर शाल-श्रीफळ दिलं. आपली नस आगकाडीएवढी आहे आणि उंदराच्या पुढे सरकलेली नाही, हे तिनं सत्काराच्या भाषणात सांगितलं नाही असं नाही. सांगितलं, पण अगदी शेवटी आणि इंग्रजीत.

सहा वर्षांनी वैभवी पीएचडीची डॉक्टर झाली आणि त्याच आठवड्यात देवरावांचा अंगठा काळा पडला. तिनंच त्यांना नागपूरच्या दवाखान्यात भरती केलं. पाय घोट्याच्या वरून कापावा लागेल, असं सर्जन म्हणाले. देवराव जराही डगमगले नाहीत. सर्जन गेल्यावर त्यांनी पुतणीला जवळ बोलावलं आणि आता ती तुझी नस बाहेर काढ, असं हळूच सांगितलं.

मग मात्र वैभवीला मराठीत बोलावं लागलं. नस उंदरात बसवली होती, सतराव्या दिवशी ती गुठळीनं बंद पडली. माणसापर्यंत यायला अजून किती वर्षं लागतील, कोणालाच ठाऊक नाही.

देवरावांनी विचारलं,

"उंदीर बिडी पेत होता का?"

"नाही, मोठे बाबा."

पुढचं बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तिला ते जास्तच लागलं.

"सहा वर्षं मी तुह्या भरवशावर पेलो वं."

परीक्षकांसमोर दोन तास न अडखळलेल्या वैभवीला तोंड वर करायची लाज वाटली.

"ते मले माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही गावभर सांगत फिरत होते तं मले बरं वाटे. म्हणून बोलली नाही मी."