बारा जणींचा एक टॅब

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, हे आधीच सांगून ठेवते. दुकानात मी एक सरळ प्रश्न विचारला होता. पण चौथी शिकलेल्या बाईचा प्रश्न, तो कोण ऐकतंय?

आमचा बचत गट मार्गासनी गावाच्या अलीकडचा, बारा जणींचा. आपापल्या शेतातला इंद्रायणी तांदूळ निवडायचा, पिशव्या भरायच्या आणि विकायच्या. निवडायला गोल बसलो की सुपात खडे कमी निघतात आणि किस्से जास्त. त्यातले टॅबचे किस्से तर एवढे साठलेत की तेच पिशवीत भरून विकावेत.

झालं असं. पुण्यातल्या एका सोसायटीच्या बायकांना आमचा तांदूळ आवडला. पण त्यांचं म्हणणं पडलं, तुम्ही निवडता कसा, मापता कसा, ते रविवारी व्हिडिओ कॉलवर दाखवा. पटलं तर अख्ख्या सोसायटीची ऑर्डर तुम्हाला. वर्षभराची! आजवर आम्ही विकला तो एसटी स्टँडवर बसून, येईल त्या गिऱ्हाइकाला. आणि आमच्यातल्या निम्म्या जणींच्या मोबाईलच्या काचा फुटलेल्या. म्हणून ठरलं, टॅब घ्यायचा. स्वस्तातला, पण चालणारा.

* * *

पहिलं भांडण आकारावरून. आमच्या अध्यक्ष सुशीलाबाई बारावी झालेल्या. त्या म्हणाल्या, दहा इंची घेऊ. दहा इंच म्हणजे केवढं, कुणालाच समजेना.

ठकूआक्का आमच्यात सगळ्यात थोरल्या. जन्म शेळ्या राखण्यात गेला. त्या उठल्या, घरात गेल्या आणि पोळपाट घेऊन आल्या. म्हणाल्या, ह्याच्याहून लहान घेतला तर मला दिसायचा नाही.

भोरच्या दुकानात आम्ही पोळपाट घेऊनच गेलो. दुकानदारानं एकेक टॅब काढायचा, आक्कांनी तो पोळपाटावर ठेवायचा, मान हलवायची, परत द्यायचा. बाजूला एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला राहवलं नाही. "मावशी, लाटणं कुठंय?"

आक्का त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, "लागंल तवा आणती."

* * *

पोळपाटाएवढे दोन निघाले. दुकानदारानं दोन्ही मांडले आणि नीट सांगितलं, हा सिमचा आहे, हा वायफायचा. वायफायचा स्वस्त.

सुशीलाबाईंनी मान डोलावली. "वायफाय देऊन वर स्वस्त देताय, मग तोच द्या की."

मी टॅब हातात घेतला, चारी बाजूंनी फिरवला, उलटा केला. "अवो, पण ह्यात सिम कुठं घालायचं?"

सुशीलाबाई मलाच म्हणाल्या, "हौसा, वायफाय असल्यावर सिम कशाला लागतंय? चालू दिसतोय की समोर."

आणि दिसत होता खरा. लख्ख चित्र, पुण्याचा रस्ता, त्यावरच्या गाड्या, सगळं. ते दुकानाच्या नेटवर चालतंय हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. पण ज्या वस्तूला वैरण घालायला तोंडच नाही ती घरी नेऊन जगणार कशी, एवढी अक्कल मला चौथीतच आली होती. बाकी अकरा जणी माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू मी दुकानात येऊन शिंकले.

* * *

मग भाव. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. आक्कांना खरेदी म्हणजे एवढीच पद्धत माहीत. त्यांनी काउंटरवर पदर पसरला, त्याखाली हात घातला आणि दुकानदाराचा हात धरला.

माणूस जागच्या जागी उडाला. गल्ल्यावर त्याची बायको बसलेली. आक्का गंभीर चेहऱ्यानं त्याची बोटं दाबतायत आणि तो घाम पुसतोय. शेवटी बायको उठली, नवऱ्याचा हात पदराखालून ओढून काढला आणि आपला घातला.

"आक्का, भाव माझ्याशी करा. माझ्या वडिलांचा धंदा बैलांचा होता."

दोघी दोन मिनिटं एकमेकींच्या डोळ्यांत बघत बसल्या. ना हूं ना चूं. सौदा कितीला तुटला ते आम्हाला बिल हातात आल्यावर कळलं.

एवढं झाल्यावर आक्का म्हणाल्या, आता दोन दिवस घरी नेतो, मग पैसे. दुकानदार म्हणाला, उघडलेला माल परत घेत नाही. आक्कांना पटेना. "दुभती शेळी घेताना दोन वक्ताच्या धारा काढून बघतो आमी. न्हाई म्हनतोस मंजी खोड हाय ह्येच्यात."

खोड होतीच. पण ती मी विचारलेल्या सिमच्या जागेत होती, आक्कांच्या धारेत नव्हती!

* * *

घरी आणल्यावर टॅबला ओवाळलं, हळदीकुंकू लावलं. कुंकवाचं बोट नेमकं कॅमेऱ्यावर. सगळ्या जणी फोटोत ताप चढल्यासारख्या लालबुंद. ते पुसण्यात अर्धा तास गेला.

मग प्रत्येकीनं हात लावून बघायचं ठरलं. मी बोट फिरवलं, काच हलेना. आक्कांनी फिरवलं, हलेना. लावणीच्या चिखलानं आणि खुरप्यानं आमच्या बोटांना असे घट्टे पडलेत की त्या काचेला माणसाचं बोट आहे हेच समजेना. एकेक करून अकरा जणींनी घासलं, दाबलं, टिचक्या मारल्या.

शेवटी सुशीलाबाईंनी हळूच बोट टेकवलं. सरकन उघडलं.

आक्कांनी ते बोट धरून उलटंपालटं बघितलं. म्हणाल्या, "बाई, तू चिखलात कवापासनं उतरली न्हाईस गं?"

* * *

आणि मग नेट. टॅब चालू, चित्र नाही. माझी सून प्रियांका, तिनं सगळं उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "आत्या, ह्याला सिमची जागाच न्हाई. माझ्या फोनचं नेट द्यावं लागंल. आन माझ्या फोनला गावात रेंज न्हाई."

मी सुशीलाबाईंना काही बोलले नाही. दिवसातून दोनदाच बोलले.

रविवार तोंडावर आलेला. ऑर्डर हातची जाते की काय, ह्या काळजीनं कुणाला जेवण गोड लागेना. रेंज मिळते ती वरच्या धनगरवाड्याच्या माळावर. मग काय, रविवारी सकाळी बारा जणी आणि प्रियांका डोंगर चढलो. तांदळाचं पोतं, सुपं, पिशव्या, वजनं, तागडी. टॅब आक्कांच्या डोक्यावर, टोपलीत, फडक्यात गुंडाळून. वाटेत एक धनगर भेटला. त्यानं विचारलं, देवाला निघालाय का? प्रियांका म्हणाली, "न्हाई मामा, रेंजला."

वर भणाण वारा. तागडी टांगली एका खैराच्या फांदीला. प्रियांकानं फोन उंच धरला आणि टॅबवर पुण्याच्या ताई दिसायला लागल्या. आम्ही निवडून दाखवलं, पाखडून दाखवलं. मापायला सुरुवात केली आणि चित्र थांबलं. आमच्याकडं त्या थांबल्या, त्यांच्याकडं आम्ही. नुसता आवाज आला.

"अहो, तुम्ही एवढं जास्त घालता? पारडं बघा केवढं खाली गेलंय!"

आणि फोन कटला.

* * *

संध्याकाळी प्रियांका टॅब घेऊन परत माळावर जाऊन आली, तेव्हा निरोप आलेला. ऑर्डर पक्की, अख्ख्या सोसायटीची. सोबत त्या थांबलेल्या चित्राचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, प्रत्येक पिशवी ह्या फोटोतल्यासारखी झुकत्या मापाची हवी.

फोटोत तांदळाचं पारडं पार जमिनीला टेकायला आलेलं. आणि त्यावर दाबलेलं कुणाचं तरी बोट. वजन बोटाचं, पण ताईंना वाटलं तांदळाचं.

म्हणजे आता वर्षभर प्रत्येक पिशवीत एक ओंजळ फुकट. ती कुणाच्या घरातनं जाणार? मी उभी राहिले. म्हणाले, जिचं बोट, तिच्या घरचा तांदूळ. सगळ्यांना पटलं. सुशीलाबाईंनी तसा ठराव लिहिला. पहिली सही मी केली.

आता बोट कुणाचं? फोटोत तोंडं नव्हती, नुसते हात. हिरव्या बांगड्या सगळ्यांच्याच. मी आक्कांना तोंडावर विचारलं, हात घालायची सवय तुमचीच ना? आक्कांनी देवाची शपथ घेतली. मग मी सुशीलाबाईंकडं वळले. म्हटलं, टॅब चुकीचा तुम्ही घेतला, बोटही तुमचंच असणार. एकेकीचं नाव घेऊन झालं. सगळ्या नाही म्हणाल्या. मी म्हटलं, ह्या गटात खरं बोलणारी एक तरी बाई आहे का?

सुशीलाबाईंनी टॅब मांडीवर घेतला, फोटोवर दोन बोटं टेकवली आणि फाकवली. पारडं मोठं झालं. बोट मोठं झालं. अजून फाकवली. बांगड्या आल्या, मनगट आलं.

आमच्या वयाच्या बायकांना लहानपणीच आईबापानं जत्रेत नेऊन मनगटावर आपलं नाव गोंदून आणलेलं असतं. हिरवी निळी अक्षरं काचेवर हळूहळू चढत आली, चांगली शेंगदाण्याएवढी.

सुशीलाबाईंनी चष्मा घातला आणि सगळ्या जणींसमोर मोठ्यानं वाचलं.

"हौसा."