विहिरीसकट घर

आमच्या कलामंडळाचं एक सभागृह होतं आणि त्याच्या भिंती वर्षातले दहा महिने रिकाम्या असत. त्यामुळे मनोरुग्णालयातल्या एका डॉक्टरांनी रुग्णांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं सुचवलं, तेव्हा कार्यकारिणीला एकदम समाजाची आठवण झाली. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी शाळेत चित्रकला शिकवत असे, म्हणून दर शनिवारी कागद-रंग घेऊन तिकडे जायचं काम माझ्याकडे आलं.

बायकांच्या वॉर्डात कुहीकडच्या एका खेड्यातली बाई होती. चौदा वर्षं तिथेच. डॉक्टरांच्या मते त्यातली निदान दहा वर्षं ती आमच्या कार्यकारिणीपेक्षा शहाणी होती. पण सोडायचं तर घरच्या कुणीतरी येऊन सही करायला हवी, आणि घरचा म्हणजे एकच भाऊ. दवाखान्याच्या पत्रांना त्याचं उत्तर येत नव्हतं.

ती एकच चित्र काढी: आपलं घर. दारात तीन पायऱ्या, डावीकडे गोठा, अंगणात विहीर, विहिरीच्या काठाचा एक दगड निखळलेला. खाली गावाचं नाव.

"दुसरं काहीतरी काढा की," मी एकदा म्हणालो.

"काहून जी गुरुजी? भाऊ आला न् त्याले वळखूच नाही आलं तर?"

प्रदर्शन पाहायला भाऊ येणार आणि तिला घेऊन जाणार, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. मी त्याला निमंत्रण पाठवलं. मंडळाची छापील कार्डं लिफाफा न चिकटवताच टपालात पडत. तशी रीतच होती. कार्डावर 'मनोरुग्णालय' हा शब्द ठळक. खालच्या मोकळ्या जागेत मी लिहिलं, 'आपल्या भगिनींचे चित्र मांडले आहे. अवश्य यावे.' स्वतःच्या वळणदार अक्षराचं मला तेव्हा फार कौतुक होतं.

उद्घाटनाला रुग्णांना आणलं नाही. पाहुण्यांना अवघडल्यासारखं होईल, असं अध्यक्षांचं मत पडलं. प्रमुख पाहुणे चित्रांकडे पाठ करून वेड आणि प्रतिभा यांच्यातल्या पुसट सीमारेषेवर पाऊण तास बोलले आणि ती रेषा कुठेही न ओलांडता चहाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी धोतर-टोपीतला एक माणूस चपला बाहेर काढून आत आला. नीट त्या घरासमोर जाऊन उभा राहिला. बराच वेळ.

"हा दगड मीच पाडला होता," तो म्हणाला. "लहानपनी. मार तिनं खाल्ला."

मला हर्ष झाला. मी म्हणालो, "त्या आता अगदी बऱ्या आहेत. तुमची एक सही..."

"बरी हाय ते दिसूनच राह्यलं जी. येड्याले एवढं याद राह्यते काय?" मग माझ्याकडे वळला. "कार्ड तुमीच धाडलं ना? पोस्टमननं पानठेल्यावर वाचून दाखोलं. गावाले आमी सांगतलं होतं का ते मेली. तेरवी केली, गाव जेवलं. माह्या पोरीचं लगन जुळून राह्यलं होतं."

"होतं?"

"होतं."

मी काहीतरी बोललो असेन. बहुधा समाजाबद्दल.

"मेलेल्या बाईले कोन्त्या तोंडानं घरी नेऊ, साहेब? थे चित्र तेवढं काढून घ्या. गावाचं नाव हाय त्याच्यावर."

मी चित्र उतरवलं. तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "इहीर बुजोली आता," एवढंच म्हणाला.

शनिवारी चित्र परत घेऊन गेलो. ती दारातच उभी होती.

"आलता?"

"आला होता."

"वळखलं?"

"लगेच. दगडसुद्धा."

ती हसली. "मंग? कवा येतो म्हने?"

प्रत्येक विषयावर मत असलेला मी माणूस. म्हणालो, "विहीर बुजवली म्हणाला."

तिनं चित्र माझ्या हातातून घेतलं, मातकट रंग घेतला आणि विहीर काठापर्यंत नीट भरून टाकली. निखळलेला दगडही पुसला.

"बरं झालं सांगतलं जी. नाहीतं घरी गेल्यावर मी तिथंच पानी काढाले गेली असती." मग ब्रश धुता धुता म्हणाली, "मंग आता पानी कुठून आनते म्हने?"

ते मी विचारलं नव्हतं.